सॉफ्टवेअरांचा परस्परविरोध आणि संगणकाची चिकित्सा

गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे प्रांत कचेरी व तहसील कचेरी यांच्या आश्रयाने सेवा केंद्रे, करसल्लागारांची कार्यालये, पतसंस्था आणि डीटीपीची दुकाने वाढली आहेत, आणि जेथे सीमेपलीकडच्या संकेश्वरकडील कन्नड मजकूर व अलीकडचा मराठी मजकूर पुष्कळदा एकाच टेबलावर जुळविला जातो, तेथे एकाच संगणकावर किती परस्परभिन्न कामांचा भार पडतो याची कल्पना मोठ्या शहरातील माणसाला सहसा येत नाही. सकाळी निवृत्तिवेतनधारकाच्या हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसे घ्यावयाचे, दुपारी त्याच यंत्रावर टॅलीमध्ये जमाखर्च उतरवावयाचा, निविदा भरावयाची असल्यास डिजिटल सहीचे टोकन जोडावयाचे आणि सायंकाळी लग्नपत्रिकेचा मसुदा छपाईसाठी सिद्ध करावयाचा, हा क्रम येथे नित्याचा आहे. ही कामे ज्या सॉफ्टवेअरांच्या साहाय्याने होतात ती निरनिराळ्या संस्थांनी, निरनिराळ्या काळी आणि एकमेकांची दखल न घेता निर्माण केलेली असतात. त्यामुळे ती एका यंत्रात एकत्र नांदू लागली म्हणजे कधी ना कधी त्यांच्यात विरोध उत्पन्न होतो आणि संगणक हँग होतो, आपोआप पुन्हा सुरू होतो, किंवा निळा पडदा दाखवून अकस्मात बंद पडतो.

अशा प्रसंगी बहुतेक ठिकाणी एकच सल्ला ऐकू येतो, आणि तो म्हणजे 'फॉरमॅट मारून नवी विंडोज टाका'. हा सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, आणि काही वेळा तो मार्ग अपरिहार्यही असतो. तथापि कारणाचा शोध न घेता केलेले फॉरमॅट म्हणजे दप्तरातील एक चुकीचा कागद सापडत नाही म्हणून सबंध दप्तर जाळण्यासारखे आहे. शिवाय नव्या विंडोजवर तीच सॉफ्टवेअरे पुन्हा त्याच रीतीने बसविली की तोच विरोध पुन्हा उद्भवतो. म्हणून प्रस्तुत लेखात या दोषाचे स्वरूप, त्याच्या निदानाची पद्धत आणि त्यावरील उपाय हे क्रमाने सांगण्याचा हेतू आहे. येथे सांगितलेले सर्व काही सामान्य वापरकर्त्याला, थोडा धीर आणि एक नोंदवही यांच्या बळावर, स्वतः करता येण्याजोगे आहे.

विरोध का उत्पन्न होतो

विंडोजमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. टॅली, वर्ड, ब्राउझर यांसारख्या नेहमीच्या सॉफ्टवेअरांना स्मृतीचा स्वतंत्र भाग नेमून दिलेला असतो, आणि त्यांपैकी एखादे चुकले तर तेवढेच बंद पडते. बाकी यंत्राला सहसा उपद्रव होत नाही. याच्या उलट ग्राफिक कार्डासारख्या उपकरणांचे अनेक ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणे चालविणारी सॉफ्टवेअरे, आणि अँटीव्हायरसचा मुख्य भाग हे विंडोजच्या अंतर्गाभ्यात काम करतात. तेथे मज्जाव नसतो, म्हणून तेथील एकाची चूक सर्वांना बाधते. आणि अशी चूक आढळताच विंडोज स्वतः होऊन सारे व्यवहार थांबविते, जेणेकरून डिस्कवरील माहिती भ्रष्ट होऊ नये. निळा पडदा हा अशा रीतीने यंत्राने आपल्या रक्षणार्थ उचललेले पाऊल असते. २०२५ पासून विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत तो काळा दिसू लागला आहे. अर्थ मात्र तोच आहे.

विरोधाचे जे प्रकार आपल्याकडे विशेषेकरून आढळतात ते चार आहेत. पहिला प्रकार दोन अँटीव्हायरसांचा. प्रत्येक अँटीव्हायरस उघडली जाणारी प्रत्येक फाइल मध्येच अडवून तपासतो. दोन असले म्हणजे एकाची तपासणी ही दुसऱ्याला संशयास्पद हालचाल वाटते आणि दोघेही परस्परांची वाट पाहत राहतात. विंडोजमधील डिफेंडर दुसरा अँटीव्हायरस रीतसर रुजू झाल्यावर बाजूला होतो, परंतु बाहेरून आणलेले दोन अँटीव्हायरस एकमेकांसाठी असे बाजूला होतीलच याचा भरवसा नाही.

दुसरा प्रकार कळफलकाचा. मराठीसाठी आयएसएम किंवा श्रीलिपी आणि कन्नडसाठी बरहा किंवा नुडी अशी साधने एकाच यंत्रात असणे सीमाभागात साहजिक आहे, आणि त्यांपैकी प्रत्येक साधन स्वतंत्रपणे आपापले काम करतेच. परंतु कळीचा प्रत्येक दाब प्रथम आपल्या हाती यावा अशी योजना असलेली दोन साधने एकाच वेळी जागी असली, तर अक्षरे चुकीची उमटणे, टायपिंग अडखळणे किंवा समोरचे सॉफ्टवेअर गोठणे असे प्रकार घडू शकतात. येथे निळा पडदा क्वचितच येतो. पण काम मात्र थांबते.

तिसरा प्रकार पोर्टांचा, म्हणजे सॉफ्टवेअरे परस्परांशी बोलण्यासाठी वापरतात त्या क्रमांकित वाटांचा. ठसे घेणाऱ्या उपकरणांची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सेवा संगणकाच्या अंतर्गत ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या पोर्टांपैकी एकावर ब्राउझरची वाट पाहते, टॅली साधारणतः ९,००० क्रमांकाचे पोर्ट वापरते, आणि डिजिटल सहीच्या साधनांचेही स्वतःचे पोर्ट असतात. एका पोर्टावर एका वेळी एकाचाच अंमल चालतो. पहिल्याने ते धरले म्हणजे दुसऱ्याला ते मिळत नाही आणि 'डिव्हाइस नॉट रेडी' यासारखा संदेश येऊन सारा दोष उपकरणाच्या माथी मारला जातो.

चौथा प्रकार सामाईक घटकांचा. सहीसाठी किंवा निविदेसाठी लागणाऱ्या काही साधनांना जावाची विशिष्ट आवृत्ती लागते, आणि दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने निराळी आवृत्ती आणून तीच प्रमुख म्हणून लावली की काल चाललेले काम आज चालेनासे होते. पूर्वी विंडोजमध्ये डीएलएल फाइलींच्या बाबतीत हा गोंधळ फार मोठा होता; तो आता पुष्कळ कमी झाला असला तरी समूळ नाहीसा झालेला नाही.

असे विरोध मोठमोठ्या संस्थांनाही चुकलेले नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील मेल्टडाउन व स्पेक्टर या दोषांवर मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली, तेव्हा काही अँटीव्हायरस विंडोजच्या अंतर्गाभ्याशी अनधिकृत रीतीने व्यवहार करीत असल्यामुळे त्या दुरुस्तीनंतर यंत्रे निळा पडदा दाखवू लागण्याचा धोका उत्पन्न झाला. अखेर ज्या अँटीव्हायरसने आपली अनुकूलता रजिस्ट्रीत एक खूण करून नोंदविली असेल, त्याच्याच यंत्राला ती दुरुस्ती द्यावयाची असा दंडक मायक्रोसॉफ्टला घालावा लागला. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. त्या अपडेटमधील नव्या नियमपत्रकात २१ रकाने धरलेले होते आणि यंत्रातील सॉफ्टवेअर २०च पुरवीत होते. एकविसावा वाचण्याच्या प्रयत्नात ते स्मृतीच्या हद्दीबाहेर गेले आणि विंडोजने काम थांबविले. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी निघालेले ते अपडेट १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेण्यात आले. परंतु तेवढ्या अवधीत झालेल्या बिघाडामुळे आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. केवळ एका रकान्याच्या विसंगतीने एवढा अनर्थ होऊ शकतो, तर आपल्या टेबलावरील यंत्राच्या बाबतीत घाईने कोणावर ठपका ठेवणे किती अयोग्य ठरेल, हे यावरून ध्यानात यावे.

हात लावण्यापूर्वी

निदानास आरंभ करण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य कराव्यात. पहिली, माहितीची प्रत. टॅलीचा डेटा, पत्रव्यवहार, ग्राहकांची कागदपत्रे यांच्याबरोबरच आपण वापरीत असलेले जुने मराठी फॉन्टही बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. कारण युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळविलेला मजकूर तो फॉन्ट गेल्यास वाचता येण्याजोगा राहत नाही. डिजिटल सहीच्या टोकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइज' असा पर्याय असतो, त्याला मात्र चुकूनही हात लावू नये, कारण त्याने टोकनातील प्रमाणपत्र पुसले जाते.

दुसरी गोष्ट बिटलॉकरच्या किल्लीची. नव्या लॅपटॉपवर डिस्क पुष्कळदा बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद केलेली असते, आणि दुरुस्तीच्या पडद्यावर गेल्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असण्याचा संभव असतो. ती आधीच शोधून कागदावर उतरवून ठेवावी. जुलै २०२४ च्या त्या प्रसंगी अनेक कार्यालयांची दुरुस्ती या किल्लीच्या अभावी खोळंबली होती.

तिसरी गोष्ट अशी की दोष सॉफ्टवेअरचाच आहे याची खात्री करावी. वीज वारंवार जाणे, दाब कमीजास्त होणे, पंख्यात धूळ साचून उष्णता वाढणे आणि रॅम सैल होणे यांनीही संगणक बंद पडतो. विंडोज सुरू होण्यापूर्वी, म्हणजे बायोसच्या पडद्यावर असतानाच, यंत्र बंद पडत असेल, किंवा 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' या तपासणीत दोष आढळत असेल, तर कारण यंत्राच्या अंगात आहे असे समजावे आणि ते तंत्रज्ञाकडे न्यावे.

नोंदींची साक्ष

आता मुख्य प्रश्न विचारावा: संगणक ठीक चालत होता त्या दिवसानंतर त्यात काय बदलले? मनुष्याची स्मृती याबाबत फार दुबळी असते, परंतु विंडोज स्वतःची रोजकीर्द ठेवीत असते. स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत लिहिल्यास 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' हा पर्याय येतो. त्यात तारीखवार कोणते सॉफ्टवेअर बसले, कोणते अपडेट आले आणि केव्हा काय कोसळले हे एका आलेखात दिसते. ज्या दिवसापासून तांबड्या खुणा सुरू होतात त्याच्या आदल्या दोनतीन दिवसांत काय बसविले गेले हे पाहिले, तर अर्ध्याअधिक प्रकरणांचा धागा तेथेच सापडण्याची आशा असते.

निळ्या पडद्यावर खाली एक 'स्टॉप कोड' आणि कधी कधी 'एसवायएस' या अक्षरांनी संपणारे फाइलीचे नाव येते. मोबाइलने त्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे. ते नाव कोणत्या कंपनीच्या ड्रायव्हरचे आहे हे इंटरनेटवर चटकन कळते. तथापि एवढ्या पुराव्यावर निकाल देऊ नये, कारण जी फाइल कोसळली तीच दोषी असते असे नाही. दुसऱ्याने बिघडविलेली स्मृती वाचण्याचे काम केवळ तिच्या वाट्याला आलेले असू शकते. विशेषतः विंडोजच्याच मूळ फाइलीचे नाव आल्यास ती बहुधा साक्षीदार आहे, आरोपी नव्हे, असे धरून चालावे. त्याचप्रमाणे विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदींच्या यादीमध्ये 'कर्नल पॉवर ४१' ही नोंद पाहून पुष्कळजण वीजपुरवठ्यावर दोष ठेवतात. तिचा अर्थ इतकाच की यंत्र रीतसर बंद न होता अचानक बंद झाले.

पृथक्करणाची पद्धत

नोंदींवरून उलगडा न झाल्यास सेफ मोडचा आश्रय घ्यावा. शिफ्ट कळ दाबून ठेवून रीस्टार्ट निवडावे, नंतर ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या क्रमाने जाऊन पुन्हा सुरू झाल्यावर ४ ही कळ दाबावी. विंडोज मुळीच उघडत नसल्यास, सुरू होताना ती दोनतीन वेळा बंद केली असता दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. सेफ मोडमध्ये विंडोजचे अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर जागे असतात. तेथे यंत्र निर्वेध चालत असेल, तर बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरांतच विरोध आहे हे जवळजवळ निश्चित झाले. एक सूचना मात्र ध्यानी ठेवावी: तेथे पिनऐवजी पूर्ण पासवर्ड मागितला जाण्याचा संभव असतो, तो ठाऊक असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

यापुढील पायरी 'क्लीन बूट'ची. एमएसकॉन्फिग उघडून सर्व्हिसेसच्या पानावर प्रथम 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' या चौकोनात खूण करावी, आणि मगच उरलेल्या सेवा बंद कराव्यात. ही खूण करावयास विसरल्यास विंडोजच्याच आवश्यक सेवा बंद पडतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावरील सॉफ्टवेअरेही तात्पुरती बंद करावीत. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ते नीट चालू लागले, तर अर्ध्या सेवा पुन्हा चालू करून पाहावे. दोष आला तर तो त्या अर्ध्यात, न आला तर उरलेल्या अर्ध्यात. दोषी एकच असेल तर ३२ सेवांतून तो अशा रीतीने पाच चाचण्यांत हाती लागतो.

परंतु आपला विषय विरोधाचा आहे, आणि विरोधाला दोन पक्ष लागतात. ते दोन पक्ष दोन निराळ्या अर्ध्यांत पडले तर दोन्ही अर्धे स्वतंत्रपणे निर्दोष ठरतात आणि एकत्र येताच यंत्र कोसळते. येथे पुष्कळजण गोंधळून जातात आणि पद्धतच खोटी मानून सोडून देतात. वस्तुतः अशा वेळी एक अर्धा संपूर्ण चालू ठेवावा आणि दुसऱ्या अर्ध्याचेच भाग पाडीत जावे, म्हणजे त्यातील पहिला पक्ष सापडतो. मग त्या एकाला चालू ठेवून पहिल्या अर्ध्याचे भाग पाडावेत, म्हणजे दुसरा पक्ष सापडतो. चाचण्या दुप्पट होतात, पण निकाल पक्का लागतो.

या पद्धतीचे दोन नियम कडक आहेत. एका वेळी एकच बदल करावा, मग तो एका सेवेचा असो वा एका अर्ध्या गटाचा. आणि प्रत्येक चाचणीला पुरेशी मुदत द्यावी. जे यंत्र दोन दिवसांतून एकदा कोसळते ते तासभर नीट चालले याला काही अर्थ नाही. दोष ज्या अंतराने उद्भवतो त्याच्या निदान दुप्पट काळ वाट पाहिल्याशिवाय निर्दोषत्वाचा दाखला देऊ नये. अँटीव्हायरसविषयी आणखी एक गोष्ट अशी, की त्याचा अंतर्गाभ्यातील भाग क्लीन बूटनेही निजत नाही. त्याच्यावर संशय असेल तर तो रीतसर काढूनच चाचणी घ्यावी लागते, आणि तोपर्यंत डिफेंडर चालू आहे याची खात्री करून घ्यावी लागते.

पोर्टाच्या भांडणाची परीक्षा याहून सोपी आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटस्टॅट' ही आज्ञा, पुढे जागा सोडून आडवी रेघ आणि ए, एन, ओ ही तीन अक्षरे, अशी इंग्रजीत दिली म्हणजे कोणते पोर्ट कोणत्या क्रमांकाच्या प्रक्रियेने धरले आहे याचा तक्ता मिळतो. तो क्रमांक टास्क मॅनेजरच्या डीटेल्स पानावर ताडून पाहिला की कब्जेदाराचे नाव कळते.

उपायांचा क्रम

विरोधी पक्ष सापडले म्हणजे सौम्य उपायापासून कठोर उपायाकडे जावे. प्रथम दोन्ही सॉफ्टवेअरांच्या अद्ययावत आवृत्त्या त्यांच्या अधिकृत ठिकाणावरून घ्याव्यात. ज्ञात विरोधांवर पुष्कळदा तेथेच दुरुस्ती झालेली असते. दोष नव्या ड्रायव्हरपासूनच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधील 'रोल बॅक ड्रायव्हर'ने जुना ड्रायव्हर परत आणावा, आणि सिस्टिम रीस्टोर चालू ठेवलेले असेल तर चांगल्या दिवसाच्या नोंदीकडे परतावे. नंतर पोर्ट बदलता येत असेल तर ते बदलावे, आणि मराठी व कन्नड टंकलेखनाची साधने संगणकाबरोबर आपोआप सुरू होऊ न देता कामापुरतीच उघडावीत.

यानेही न भागल्यास दोहोंपैकी एक काढावे. अँटीव्हायरस काढताना नेहमीच्या अनइन्स्टॉलवर विसंबू नये. त्याचे अवशेष अंतर्गाभ्यात राहतात, म्हणून त्या कंपनीचे स्वतंत्र रिमूव्हल टूल वापरून यंत्र पुन्हा सुरू करावे. दोन्ही सॉफ्टवेअरे धंद्यास अपरिहार्य असतील, तर जुना का होईना, दुसरा संगणक त्यांपैकी एकासाठी राखून ठेवणे हे वारंवार खोळंबण्यापेक्षा स्वस्त पडते. फॉरमॅटचा विचार यानंतर करावा, आणि तो केलाच तर सॉफ्टवेअरे एकेक करून, मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून बसवावीत, म्हणजे विरोध कोठे सुरू झाला हे त्या वेळी तरी कळेल.

पुढील दक्षता

एका यंत्रात एकच अँटीव्हायरस असावा. नवे सॉफ्टवेअर बसविण्यापूर्वी रीस्टोर पॉइंट करून ठेवावा. ज्या क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसाठी अँटीव्हायरस बंद करण्यास सांगितले जाते, ते कितीही उपयुक्त असले तरी घेऊ नये. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने तीवर चालणाऱ्या यंत्रांचे नियोजन आताच करावे, कारण नवी साधने व जुनी विंडोज यांतील विसंगती यापुढे वाढतच जाणार. ज्या पतसंस्थेत किंवा केंद्रात अनेक यंत्रे आहेत तेथे मोठे अपडेट प्रथम एकाच यंत्रावर घ्यावे, चारआठ दिवस पाहावे आणि मग इतरांवर घ्यावे. विंडोजचे अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवून ठेवण्याची सोय आहे, तिचा उपयोग यासाठी करावा. जीएसटीच्या विवरणपत्राची मुदत ऐन तोंडावर आली असता, किंवा गळीत हंगामात उसाच्या बिलांचे काम चालू असता, यंत्रात कोणताही ऐच्छिक बदल करू नये.

आणि प्रत्येक संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, बसविलेले किंवा काढलेले सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती, बसविणाऱ्या इसमाचे नाव आणि नंतर उद्भवलेली तक्रार एवढेच पाच रकाने असावेत. तंत्रज्ञ आला म्हणजे ही वही त्याच्यापुढे ठेवावी, आणि कारण लेखी नोंदविल्याखेरीज फॉरमॅटला संमती देऊ नये. ज्या गावात जमिनीच्या प्रत्येक फेरफाराची नोंद पिढ्यानुपिढ्या जपली गेली, त्या गावातील कार्यालयांना आपल्या संगणकातील फेरफारांची नोंद ठेवणे मुळीच कठीण नाही. वाचकांनी ही वही आजच सुरू करावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.